साळवे बाईंचा पहिलीचा वर्ग

साळवे बाईंवर आमच्या शाळेत कोणी मनापासून माया केली असेल असं मला वाटत नाही. मीही केली नाही. माणूस नजरेआड झाला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे, पण बाईंबद्दल मी तसं काही लिहिलं तर त्याच मला फैलावर घेतील. "तावडे, खोटंच बोलायचं तर निदान तोंड उघडून नीट बोला," म्हणतील. तेव्हा जसं होतं तसं सांगतो.

आमची शाळा घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी. मराठी माध्यम. टेकडीवरच्या खोल्यांतून उतरून येणारी पोरं, त्यांच्या घाईत असलेल्या आया आणि दरवर्षी घटणारा पट. मी चौथीला शिकवायचो, बाई पहिलीला. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती. प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे माझा एक कान कायम पहिलीत असायचा.

मी नवा असताना जुलैच्या सुरुवातीला पलीकडून विचित्र आवाज यायला लागले. तीस-पस्तीस पोरं एका सुरात "म्‌म्‌म्‌म्" करत होती. मध्येच "स्‌स्‌स्". मग टाळी, आणि सगळी एकदम "मा!" माझी चौथी हसून लोळायला लागली. मी मधल्या सुट्टीत जरा घुश्शातच विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

"वाचन," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडलं. त्या डबा वर्गातच एकट्या खायच्या. शिक्षकांच्या खोलीत येत नसत. तिथे फार बडबड असते आणि त्यातला एकही शब्द कोणी शेवटपर्यंत उच्चारत नाही, असं त्यांचं म्हणणं.

उंचीला बेताच्या, अंगात इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा दोरीला अडकवलेला. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मुळाक्षरं क्रमाने घोकून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांच्याकडे आधी म यायचा, मग न, मग क, आणि लगेच काना. एवढ्या भांडवलावर पोरं पंधरवड्यात नाक, कान, मान, मामा, मका वाचायला लागायची. प्रत्येक अक्षराचा आधी आवाज, आकार नंतर. स म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून जाणारी हवा. र म्हणजे सकाळी चालू व्हायला कुरकुरणारी रिक्षा. ह म्हणजे चष्म्याच्या काचेवर टाकायची वाफ. फ म्हणजे बशीतल्या चहावर घातलेली फुंकर. क आणि ख यांतला फरक शिकवताना त्या सगळ्यांना तळहात तोंडासमोर धरायला लावायच्या. "क म्हणा. वारा लागला? नाही लागला. आता ख म्हणा." पलीकडून पोरांची किंचाळी यायची, "लागला, बाई, लागला!" आणि माझ्या चौथीतली दांडगी पोरंसुद्धा गुपचूप तळहात तोंडासमोर धरून ख ख करत बसायची.

'क कमळाचा' या प्रकाराशी त्यांचं उभं वैर होतं. साहिल नावाचा एक मुलगा कुठल्याशा खाजगी बालवाडीतून त्यांच्याकडे आला. त्याला अक्षरं येतात असं आईने अभिमानाने सांगितलं होतं. बाईंनी फळ्यावर 'कप' लिहिलं. साहिलने बोट ठेवून खणखणीत वाचलं, "कमळपतंग!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते पुसलं आणि 'नळ' लिहिलं. साहिलने त्याचंही काहीतरी लांबलचक करून टाकलं.

मधल्या सुट्टीत बाई स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता खाली काढला. तो तक्ता आमच्या संस्थेच्या कार्यवाहसाहेबांनी भेट दिलेला होता. खाली त्यांचा हात जोडलेला फोटो होता.

"बाई, फोटोसकट काढताय?" मी पार्टिशनच्या फटीतून म्हणालो.

"फोटो पाहिजे तर तुमच्या वर्गात लावा. तुमच्या पोरांना आता त्याच्यापासून धोका नाही."

ही गोष्ट कार्यवाहसाहेबांपर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नसेल.

पालकांशी तर त्या इतक्या तुसडेपणाने वागायच्या की मलाच लाज वाटायची. एकदा फाटकाशी एक आई त्यांना अडवून म्हणाली, "बाई, पोरगं घरी नुस्तं हंबरतंय हो. शेजारीण विचारते, गाय पाळलीस का गं? आणि क ख ग घ विचारलं तर येत नाय त्याला."

"विचारू नका."

"असं कसं? मी रोज घेते ना त्याच्याकडून."

"घेऊ नका. तुम्ही घरी एक दिवस शिकवता, ते काढायला मला आठवडा लागतो." आणि बाई रस्ता ओलांडून गेल्या. ती बिचारी चार घरची कामं करून, पोराला जवळ घेऊन बसणारी बाई. तिला दोन मिनिटं उभं राहून समजावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तसं म्हणालोही. "मी पोरांना शिकवायचा पगार घेते," एवढंच उत्तर मिळालं.

एकदा मात्र त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या. निवडणुकीच्या ड्यूटीला आम्ही एकाच केंद्रावर होतो आणि दुपारी मतदारांची ये-जा थांबली होती. मी सहज म्हणालो, "बाई, तुमच्यासारखा ण आपल्या शाळेत कोणाचा नाही."

"फुकट नाही मिळाला," त्या म्हणाल्या. मग जिंतूरजवळच्या त्यांच्या गावातल्या शाळेबद्दल सांगितलं. दुसरीत होत्या. गुरुजींनी 'पाणी' म्हणायला उभं केलं. त्या घरी म्हणत तसं 'पानी' म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा वर्ग हसला, आणि मग गुरुजी म्हणाले की तुमच्या वस्तीतल्या लोकांची जीभच जाड. "शाळा सुटल्यावर ओढ्याकाठी जाऊन बसायचे. जीभ टाळ्याला लावून लावून ण म्हणायचे. आईला वाटलं, पोरीला लागीर झालं."

त्यांच्या वर्गात पोरं 'पानी' म्हणायची आणि बाई मुकाट्याने बाटली पुढे करायच्या. "हं, पाणी पी," एवढंच म्हणायच्या. कोणी हसलं तर मात्र त्याची खैर नसायची. लहान पोराला चारचौघांत हसणं हा त्यांच्या लेखी एकमेव गुन्हा होता.

चुका त्यांच्याही व्हायच्या, आणि एक फार मोठी झाली. रोशनी नावाची मुलगी खिडकीशी बसायची. बाई समोर तोंड करून बोलल्या की सगळी उत्तरं बरोबर. फळ्याकडे वळून बोलल्या की ही आपली खिडकीबाहेर. बाईंनी तिला बेपर्वा ठरवलं. दिवाळीपर्यंत रोज तिला टोचून बोलत होत्या, मी पलीकडून ऐकत होतो. मग बाईंना सर्दी झाली म्हणून एक दिवस त्या मास्क लावून आल्या. त्या दिवशी रोशनीला एकही आवाज ओळखता आला नाही. ती रडायला लागली. बाईंनी मास्क खाली केला, तीच अक्षरं पुन्हा म्हटली, रोशनीने सगळी बरोबर सांगितली. बाईंनी मास्क पुन्हा वर केला. रोशनी पुन्हा अडली, हे मी फटीतून बघितलं.

पोरगी कानांनी नव्हे, बाईंच्या ओठांवरून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बाई रजा टाकून स्वतः तिला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, कारण तिच्या आईला सुट्टी मिळाली नाही. दोन्ही कानांत पडद्याआड पाणी साठलं होतं. औषधपाण्याने पुढे बराच फरक पडला. पण त्या संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, बाई दवाखान्यातून येऊन रिकाम्या वर्गात बसून होत्या. मला म्हणाल्या, "आवाज शिकवते म्हणून मिरवते, तावडे, आणि पोरीचे कान बंद आहेत हे मला कळत नाही. थू आहे माझ्यावर."

तेव्हापासून त्यांनी एक रिवाज पाडला. जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, प्रत्येक मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि मागून हळू आवाजात शब्द म्हणायचा. मुलाने तो तसाच परत म्हणायचा. कोणाला ऐकू येतंय, कोणाला नाही, ते लगेच कळायचं. खेळच होता तो, पोरं खूश असायची. एका वर्षी खिडकीतून कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. भिंतीकडे तोंड केलेली सहा पोरं आणि मागे हाताची घडी घालून उभ्या असलेल्या साळवे बाई. फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला. खाली ओळ होती, 'पहिलीतल्या लेकरांना ही शिक्षा.'

मुख्याध्यापिका साळवे बाईंच्या हातापाया पडल्या. ग्रुपवर दोन ओळींचा खुलासा टाका, एवढंच म्हणत होत्या. बाई म्हणाल्या, "ज्याला विचारायचंय तो येऊन विचारेल. फोटो काढणाऱ्याला मी उत्तर देत नसते." कोणीही विचारायला आलं नाही. आपल्याकडे विचारायला कोणी येत नाही, फोटो पुढे पाठवतात.

एव्हाना संस्थेने वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यमाची बालवाडी काढली होती. भिंतींवर रंगीत कार्टून, मुलांना टाय. कार्यवाहसाहेबांना खालची मराठी पहिली बंद करून ती खोलीही हवी होती. पण तसं तोंडाने कोण म्हणणार? म्हणून पालकसभा ठरली. पालकांनीच ठरवायचं, पुढच्या जूनला पहिली मराठी उघडायची की नाही. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला गेल्या असतील. कार्यवाहसाहेबांना म्हणाल्या, "तेवढी दोन वर्षं पहिली मला द्या. मग खुशाल कुलूप लावा." साहेब म्हणाले, "माझ्या हातात काय आहे बाई? पालक म्हणतील ते."

सभेला हॉल भरला होता. आधी वरच्या बालवाडीतली आर्या नावाची चिमुरडी आली. दोन वेण्या, टाय. सगळ्यांना समजावं म्हणून तिला मराठी गोष्टीचं पुस्तक दिलं होतं. पोरीने बोट ठेवून, मान डोलवत, न थांबता दोन पानं वाचली. बोट पहिल्या ओळीवर होतं तेव्हा तोंड तिसऱ्या ओळीवर होतं, पण हे बघायला कोणाला वेळ होता? टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्याची आई उभी राहून शूटिंग करत होती.

मग बाईंच्या वर्गातला ओमकार आला. भाजीच्या गाडीवाल्याचा मुलगा. साहेब गोड आवाजात म्हणाले, "बेटा, मुळाक्षरं म्हणून दाखव."

ओमकारने सुरुवात केली, "म, न, क..." आणि हॉल हसला.

मुख्याध्यापिका घाईघाईने म्हणाल्या, "साहेब, त्याला वाचायला देऊन बघा ना काहीतरी." साहेबांनी सभेचं छापील पत्रक त्याच्या हातात ठेवलं. ओमकारने ते जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याने डोळे बारीक केले. "पा... ल... कां... नी. पालकांनी. आ... प... ली. आपली." प्रत्येक शब्द आधी तुकड्यातुकड्याने, मग अख्खा. खुर्च्या सरकायला लागल्या. कोणाचा तरी फोन वाजला. माझ्या मागे एक बाप म्हणाला, "किती अडकतोय यार हा." 'मते मांडावीत' पर्यंत पोरगा घामाघूम होऊन पोचला. सहा वर्षांचं पोर एक कधीही न बघितलेलं वाक्य स्वतःच्या बळावर वाचून उभं होतं, आणि त्या भरल्या हॉलमध्ये कोणालाही ते कळलं नाही. टाळी मी एकट्याने वाजवली. ती आणखीच केविलवाणी वाटली.

"फरक तुमच्या डोळ्यांसमोर आहे, पालकहो," साहेब म्हणाले.

तेव्हा साळवे बाई उठल्या. शांतपणे आर्यापाशी गेल्या. तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं केलं, खालचं वर, आणि परत तिच्या हातात दिलं. "वाच गं पुन्हा."

आर्याला आनंदच झाला. तिने उलट्या पुस्तकावर बोट ठेवलं, मान डोलवली आणि तीच दोन पानं त्याच वेगात म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेतल्यांना आधी कळलं. कोणीतरी फसकन हसलं. मग मागचे हसले, मग सगळा हॉल. आर्या थांबली. तिला काय चुकलं ते कळेना. तिने आईकडे बघितलं, आईचा चेहरा बघितला आणि भोकाड पसरलं. आई धावत आली. "पोरीची मस्करी करायला उभं केलंत का? एवढीशी पोर आहे ती! लाज नाही वाटत तुम्हाला?"

"तुमच्या पोरीला फसवलंय, ताई. मी नाही. यांनी," बाई म्हणाल्या. पण त्या रडण्यात ते कोणाला ऐकू गेलं? मी बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. आपण काय केलं ते त्यांना माझ्याआधी समजलं होतं. त्या खरं तेच दाखवत होत्या, आणि ते दाखवायला त्यांनी पाच वर्षांचं पोर भरल्या सभेत उभं करून त्याचं हसं केलं होतं. त्यांच्या गुरुजींनी याहून वेगळं काही केलं नव्हतं. बाई खुर्चीपर्यंत गेल्या नाहीत. दारातून सरळ बाहेर पडल्या.

हात वर करून मतं घेतली. भिंतीकडे तोंड केलेल्या पोरांचा फोटो पुन्हा एकदा सगळ्या मोबाइलवर फिरला. ओमकारच्या बापानेही पहिली बंद करण्याच्या बाजूने हात वर केला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या पोराला लोक हसले होते. दोष द्यायचा तर मला ज्यांना द्यावासा वाटतो ते सगळे शिकलेले होते, स्टेजवर बसलेले होते आणि त्यांना पुस्तक उलटं असल्याचं सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. त्यांचा मला राग येतो. अजून येतो.

जूनमध्ये पहिली उघडली नाही. बाई अतिरिक्त ठरल्या. म्हणजे सरकारी भाषेत, नको असलेला शिक्षक. त्यांना दिंडोशीच्या एका शाळेत पाठवलं. तिथेही पहिलीला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांना कार्यालयात संगणकासमोर बसवून माहिती भरायला दिली. जायच्या आधी त्या कपाट रिकामं करायला आल्या होत्या. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. मी न राहवून विचारलं, "बाई, त्या आर्याचं काही कळलं?"

"तिच्या घरी गेले होते. दोनदा. दार उघडलं नाही." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "मी असते तर मीही उघडलं नसतं."

थोड्या महिन्यांत त्यांनी राजीनामा दिल्याचं कळलं. नंतर फोन लागेना.

गेल्या वर्षी माझी भाची मला घाटकोपर पूर्वेला घेऊन गेली. तिच्या मुलीला कसल्याशा क्लासला घालायचं होतं आणि तिला वाटलं, मामा मास्तर आहे, बघून सांगेल. फरसाणाच्या दुकानावर पहिला मजला, एसी, बाहेर सोफे, दारावर फोनिक्स असं लिहिलेलं, म्हणजे आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणं. काचेच्या भिंतीतून आतला वर्ग दिसत होता. दहाएक मुलं गालिच्यावर बसून "म्‌म्‌म्‌म्" करत होती. मग "स्‌स्‌स्". सोफ्यावरच्या आया कौतुकाने मोबाइल धरून शूटिंग करत होत्या. "किती सायंटिफिक आहे ना," एक म्हणाली. कोणालाही गाय आठवली नाही.

शिकवणारी बाई पाठमोरी होती. पंजाबी ड्रेसवर क्लासचा केशरी टी-शर्ट, पाठीवर मोठ्ठा हसरा पोपट, केस कापलेले. ती वळली आणि तळहात तोंडासमोर धरून मुलांना काहीतरी म्हणाली, तेव्हा मी ओळखलं.

तास संपला. बाई मुलांना दारापर्यंत सोडायला आल्या. मला बघितलं. मी उठून उभा राहिलो. हात जोडले. तेवढ्यात भाचीच्या शेजारची एक आई पुढे झाली. "मिस, एक विचारायचं होतं. स्कूलमध्ये मराठी कंपल्सरी आहे ना, हिला वाचताच येत नाही हो. पार वाट लागलीय. तुम्ही इतकं मस्त शिकवता. मराठीचं पण घ्याल का तिचं, घरी येऊन?"

बाई त्या मुलीकडे क्षणभर बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघत, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाल्या, "सॉरी मॅम. मराठी माझा विषय नाही."

आणि काचेचं दार ढकलून पुढच्या बॅचसाठी आत गेल्या.